मदर प्लांट परदेशी, जोखीम आपली : स्ट्रॉबेरीच्या रोपांचा प्रश्न कुठे अडलाय?

पाचगणी : केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी फळपिकांसाठी स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. रक्कम १,७६५ कोटी ६७ लाख रुपये. देशात नऊ केंद्रं उभी राहणार, तिथे विषाणूमुक्त मातृरोपं तयार होणार आणि तिथून ती रोपवाटिकांकडे जाणार, अशी ही योजना आहे. यादीत द्राक्षासाठी पुणे आहे, संत्रा-मोसंबीसाठी नागपूर आणि बिकानेर, डाळिंबासाठी सोलापूर, आंबा-पेरूसाठी बंगळूर आणि लखनौ. सफरचंद, बदाम, अक्रोड वगैरे थंड हवेच्या फळांसाठी श्रीनगर आणि मुक्तेश्वर. महाराष्ट्राला तीन केंद्रं मिळाली म्हणून बातम्याही झाल्या.

ही यादी वरून खाली वाचली तरी स्ट्रॉबेरीचं नाव सापडत नाही. थंड हवेच्या फळांपुढे 'वगैरे' लिहिलंय, त्यात ती बसवायची म्हटली तर खिंगरच्या किंवा भिलारच्या शेतकऱ्याचं केंद्र श्रीनगरला! देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के माल महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून जातो असं आपण सगळे अभिमानाने सांगतो. सरकारी कागदपत्रांतही तोच आकडा फिरतो. मग ज्या योजनेचा पायाच 'निरोगी मातृरोप' हा आहे, तिच्यात हे पीक का नसावं?

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. रोप काय, कुठूनही आणायचं, लावायचं. पण स्ट्रॉबेरीचं सगळं गणित रोपावरच उभं आहे, आणि ते रोप दरवर्षी आपल्याला दुसऱ्याकडून घ्यावं लागतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून मांडतो.

स्ट्रॉबेरीच्या फळावर बाहेरून जे बारीक दाणे दिसतात, तेच तिचं बी. ते पेरलं तर उगवतं. पण उगवलेलं झाड आईसारखं निघेल याची काही खात्री नसते. एकाच फळातले शंभर दाणे लावले तर शंभर तऱ्हा बघायला मिळतील. एखादं गोड, एखादं आंबट, एखाद्याला फळच उशिरा, एखाद्याचं फळ बोटाने दाबलं की पाणी. याचं कारण स्ट्रॉबेरीच्या कुळात आहे. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, स्ट्रॉबेरीत आठ असतात, एकूण ५६ गुणसूत्रं. पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसले तर प्रत्येक डावाला पानं वेगळीच येणार, तसं हे आहे.

शिवाय आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मूळची रानातली नाहीच, ती संकर आहे. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १७१४ मध्ये चिली देशातून मोठ्या फळांची काही रोपं फ्रान्समध्ये नेली. ती सगळी मादी निघाली, नुसती वाढायची, फळ धरेना. पुढे तिच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली दुसरी जात लावली गेली, परागकण मिळाले आणि त्यातून नवीनच झाड जन्माला आलं. द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हा उलगडा केला. म्हणजे जगभरच्या स्ट्रॉबेरीचं मूळ एका बागेतल्या शेजारपणात आहे.

तर, बियातून गुण टिकत नाहीत, म्हणून रनर. झाडाला लांब दोरीसारखा फुटवा येतो, तो जमिनीला टेकला की मुळं धरतो आणि नवं रोप तयार होतं. ते रोप म्हणजे आईचीच नक्कल. गोडी, आकार, फळ लागण्याची वेळ, टिकाऊपणा सगळं तेच. म्हणून मार्चनंतर वाई आणि खालच्या भागात मदर प्लांट लावायचे, रनर सोडवायचे, पिशव्या भरायच्या, पावसाळाभर रोपं सांभाळायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला वर गादीवाफ्यावर लावायची, हे चक्र इथल्या माणसाला पाठ आहे. एकरी साधारण बावीस ते पंचवीस हजार रोपं बसतात. एका मदर प्लांटपासून वीस-पंचवीस चांगली रोपं मिळाली असं धरलं, तर एका एकराचं नशीब जेमतेम हजार मदर प्लांटवर अवलंबून असतं.

हे मदर प्लांट येतात परदेशातून. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन फ्लोरिडा विद्यापीठाची, कामारोजा आणि चँडलर कॅलिफोर्निया विद्यापीठाची. गोडीला आणि लवकर येण्याला चार्ली, लांबच्या बाजाराला टणक कामारोजा, अशी आपल्याकडे वाटणी झालेली आहे. आपल्या फळाला २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन इथल्या तांबड्या मातीचं, १३०० मीटरवरच्या थंडीचं, इथल्या माणसांच्या हाताचं आहे. वाण मात्र आपलं नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कॅलिफोर्नियातल्या लोकांचंही मूळ झाड चिलीतूनच गेलं. पण ज्याचं रोप त्याच्या हातात दोरी, हे मान्य करावं लागतं.

आता कुणीही विचारेल, नक्कलच आहे ना, मग दरवर्षी बाहेरून कशाला आणायचं? गेल्या वर्षीच्या प्लॉटमधले रनर धरले की झालं. बरेच जण करतातही तसं. पहिल्या वर्षी फरक कळत नाही. दुसऱ्या वर्षी झाड थोडं बुटकं, पानं किंचित आखडलेली, फळं बारीक. तिसऱ्या वर्षी व्यापारी पनेट उघडून बघतो आणि भाव पाडतो. मग गावात बोललं जातं, 'वाण उतरलं'.

वाण उतरत नाही. आईचे गुण तेच असतात, वाढलेला असतो तो रोग. माव्यातून पसरणारे चार विषाणू जगभर स्ट्रॉबेरीला छळतात. पानावर ठिपके पाडणारा, पान सुरकुतवणारा, कडा पिवळ्या करणारा आणि शिरांवर पट्टे उमटवणारा. गंमत म्हणजे एकटा विषाणू असला तर बहुतेक वाणांवर लक्षण दिसतच नाही, दोन-तीन एकत्र आले की झाड बसतं. बी धरणाऱ्या पिकात बरेचसे विषाणू बियात उतरत नाहीत, निसर्ग दर पिढीला पाटी पुसतो. रनरमध्ये मात्र आईच्या अंगातलं सगळं लेकीला जातं. त्यात करपा, कंदकुज, लाल कोळी रोपाबरोबर येतात ते वेगळंच. शंभरात एक मदर प्लांट रोगट असला तर एकरात दोनशे-अडीचशे रोगट रोपं, आणि मावा ती तेवढ्यावर ठेवत नाही.

मग परदेशातली रोपवाटिका काय जादू करते? काही नाही. एका चांगल्या झाडाच्या वाढत्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म तुकडा घ्यायचा, कारण तिथे विषाणू बहुधा पोचलेला नसतो. त्यापासून नळीत रोप करायचं. ते रोप खरंच निरोगी आहे का हे तपासायला त्याच्या पानाचं कलम रानटी स्ट्रॉबेरीच्या झाडावर बांधायचं. रानटी झाड नाजूक, विषाणू असेल तर लगेच दाखवतं. आता प्रयोगशाळेतली तपासणीही असते. पास झालेलं झाड बारीक जाळीच्या घरात ठेवायचं, त्यापासून ठरावीक पिढ्याच रनर काढायचे आणि मग पुन्हा मूळ झाडाकडे जायचं. कॅलिफोर्नियातल्या रोपवाटिका शेवटची वाढ राज्याच्या उत्तरेला उंचावरच्या थंड भागात करतात, म्हणजे रोपाला थंडी लागते आणि वेळेवर फूल येतं. सगळा भर शिस्तीवर आणि नोंदींवर. पिढ्या मोजणं ही त्यातली मुख्य गोष्ट, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी मोजत नाही. पिशवीतलं रोप आयात मदर प्लांटचं पहिलं रनर आहे की तिसऱ्या वर्षाच्या प्लॉटमधलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. विकणारा सांगेल ते खरं.

दुसरी अडचण भेसळीची. चार्ली आणि कामारोजा शेजारी शेजारी वाढवले, रनर एकमेकांत शिरले, कामगाराने पिशव्या भरताना गल्लत केली, संपलं. पाच टक्के भेसळ म्हणजे एकरात बाराशे रोपं. रोप लहान असताना पान बघून जाणकार ओळखतो म्हणतात, पण पिशव्यांच्या ढिगात कोण कोण बघणार? कळतं ते फळ लागल्यावर, तेव्हा मल्चिंग, ठिबक, मजुरी, औषधं सगळं होऊन गेलेलं असतं. अशा तक्रारी दर हंगामात कानावर येतात आणि चहाच्या टपरीवरच मिटतात. वास्तविक पानाच्या तुकड्यावरून वाण ओळखण्याची डीएनए चाचणी जगात केव्हाची रूढ झाली आहे. एका वाणाच्या सगळ्या नकलांचा ठसा एकच येतो, त्यामुळे गल्लत लगेच उघडी पडते. ही सोय तालुक्याच्या जवळपास असती तर रोपं विकणारा दोनदा विचार करून पिशवीवर नाव लिहील.

हे आपल्याला जमण्यासारखं नाही, असं म्हणायची सोय मात्र नाही. कारण याच जिल्ह्यात हे काम नव्वदेक वर्षं चाललंय. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. ऊसही रनरसारखाच, डोळ्यापासून केलेली नक्कल. त्याचंही बेणं जुनं झालं की गवताळ वाढ, काणी आणि उतारा कमी. त्यावर उपाय म्हणून तीन पायऱ्यांची साखळी उभी राहिली. केंद्रावर उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलं मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, आणि शेतकऱ्याने तीन वर्षांनी बेणं बदलायचं. को ८६०३२ हे वाण १९९६ ला 'नीरा' नावाने शिफारस झालं, ते आज इतक्या वर्षांनीही कराड, वाळवा, पलूसच्या रानात उभं आहे, ते या बेणेमळ्यांच्या जिवावर. कारखान्यांचा ऊसविकास विभाग गावात बेणं पोचवतो. सगळीकडे नीट चालतं असं मी म्हणणार नाही, खोडव्याचंच बेणं लावणारे आमच्याकडे भरपूर आहेत. पण साखळी आहे, तिला नाव आहे, आणि बेणं कितव्या पायरीचं हे विचारता येतं. स्ट्रॉबेरीत विचारायलाच कुणी नाही, कारण मागे साखर कारखान्यासारखी संस्था नाही. फळावर प्रक्रिया करणारे उद्योग आहेत, त्यांना फळाशी मतलब. रोपाची चिंता ज्याची त्याने करायची.

खाली सांगलीत याची दुसरी बाजू बघायला मिळते. नक्कल म्हणजे कायम नक्कलच राहील असं नसतं. कधी कधी एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो. थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेत तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी असाच वेगळा वेल हेरला, काड्या धरल्या, वाढवल्या आणि 'तास-ए-गणेश' वाण झालं. नावातला 'तास' तासगावचा आणि 'ए' आर्वेंचा. सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' असंच निवडलं. या माणसांनी प्रयोगशाळा बांधली नव्हती. त्यांनी झाडावर नजर ठेवली, एका वेलाचा माल वेगळा ठेवला, आणि पुढच्या पिढीत तो गुण टिकतो का हे पाहिल्याशिवाय वाण जाहीर केलं नाही. स्ट्रॉबेरीचा शेतकरी तेवढाच हुशार आहे, पण दर हंगामाला रोप उपटून फेकलं जातं, त्यामुळे एकाच झाडाकडे पाच वर्षं बघायची संधीच त्याला मिळत नाही. लाखो रोपांतून एखादं इथल्या धुक्यात, इथल्या अवकाळीत टिकून राहणारं असेलही. ते एप्रिल-मेमध्ये बांधावर वाळून जातं.

गुण टिकवण्याची हीच गोष्ट सध्या आणखी एका पिकाच्या निमित्ताने कानावर पडते. तरुण पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि विचारतात, हेम्पची शेती आपल्याकडे का नको? धागा होतो, बियांचं तेल होतं, उत्तराखंडने २०१८ पासून परवाने दिले, हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांना अभ्यासाचं काम दिलं. माहिती खरी आहे. पण अर्धी आहे.

हेम्प आणि गांजा ही एकाच झाडाची दोन रूपं. फरक आहे तो नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाच्या प्रमाणाचा. ०.३ टक्क्याच्या आत असेल तर औद्योगिक हेम्प, ही रेघ अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात झाडांचं वर्गीकरण करण्यासाठी ओढली, आणि पुढे ती कायद्यांत शिरली. अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात तीच घेतली, उत्तराखंडनेही तीच. आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, परागीभवन वाऱ्यावर, परागकण काही किलोमीटर जातात. शेजारच्या डोंगरात रानटी झाड असेल तर तुमच्या बियांत त्याचं रक्त आलंच. म्हणजे प्रमाणित बी आणलं तरी त्याचंच घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर मर्यादा पाळली जाईल याची हमी नाही. एकसारखं पीक हवं तर पिढ्यान् पिढ्या निवड करून स्थिर केलेलं वाण हवं, किंवा स्ट्रॉबेरीसारखं एका मातृझाडाच्या नकला हव्यात. दोन्ही काम संस्थेचं आहे, बांधावर होणारं नाही.

आणि इथे चुकीची किंमत भावात मोजली जात नाही. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा टक्केवारी बघतच नाही. त्यात गांजाची व्याख्या झाडाचे फुलोरे अशी आहे, आणि परवान्याशिवाय लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. धागा आणि बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ती सरकारने दिली तर. महाराष्ट्रात उसाच्या, हळदीच्या, आल्याच्या पिकात गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या आम्हीच देतो, त्यात पुढे कोर्टात 'हे हेम्प होतं' म्हणून चालत नाही. तेव्हा व्हिडिओ बघून बी मागवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. सरकारला पुढे कधी हे पीक आणायचं असेल तर आधी बियाण्याची साखळी उभी करावी लागेल. जी स्ट्रॉबेरीसाठी उभी राहिली नाही, ती याच्यासाठी रात्रीत कशी उभी राहणार, एवढंच विचारायचंय.

परत आपल्या रोपाकडे येऊ. कायद्याची अडचण आहे का? मला तरी मोठी दिसत नाही. स्वीट चार्ली आणि कामारोजा नव्वदच्या दशकातली वाणं, अमेरिकेत रोपांच्या पेटंटची मुदत साधारण वीस वर्षं, ती केव्हाच संपली. भारतात तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलाही मोकळीक दिली आहे, फक्त नोंदणीकृत वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. गुजरातमध्ये २०१९ ला पेप्सिकोने बटाट्याच्या वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले तेव्हा याच कलमाची चर्चा झाली आणि ओरड झाल्यावर कंपनीने दावे मागे घेतले. म्हणजे जुन्या वाणांची मदर प्लांट इथेच, आपल्या तालुक्यात करायला कुणाची हरकत येण्यासारखी नाही. नवीन वाणांचं वेगळं, तिथे मालकाशी करार लागेल, रॉयल्टी द्यावी लागेल.

अडचण आहे ती जबाबदारीची. १९६६ च्या बियाणे कायद्यात 'बियाणे' या शब्दात रोपं, कंद, कलमं, फाटे सगळं येतं, पण कायद्याचा दांडका मुख्यतः अधिसूचित वाणांवर चालतो. राज्यात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, परवाना त्यातून मिळतो. तो आंबा-चिकूच्या कलमांचा काळ होता. दर हंगामाला लाखोंनी भरल्या जाणाऱ्या पिशव्यांचा विचार त्यात कुठून असणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात रोपवाटिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. बहुतेक चर्चा कंपन्या, दंड आणि शेतकऱ्याचा हक्क यांवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आपल्या भागातून एक साधी मागणी पुढे जायला हवी : फळरोपांच्या पिशवीवर वाणाच्या नावाबरोबर पिढी लिहिणं बंधनकारक करा. आयात मदर प्लांटपासून कितवं रनर, एवढा एक आकडा.

छोट्या नोंदणीत रोपवाल्यांनाही जाच होईल, हे मी मान्य करतो. आपल्याकडे रोपवाटिका म्हणजे मोठ्या कंपन्या नाहीत, वाई-जावळीतले चार-पाच एकरवाले शेतकरीच आहेत. पावसाळ्यात पाणी साचून निम्मी रोपं सडली तर तेच बुडतात. त्यांना दाखल्यासाठी सातारला हेलपाटे घालायला लावले तर ते धंदा सोडतील आणि रोपं आणखी महाग होतील. म्हणून नियम आधी आणि निरोगी मदर प्लांट नंतर, हा क्रम उलटा आहे. आधी रोपवाल्याला खात्रीचं मदर प्लांट जवळ मिळू दे, मग त्याच्याकडून नोंदी मागा.

ते मिळवायचं तर सगळं नव्याने बांधावं लागणार नाही. महाबळेश्वरला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, बोरगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याला द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि तिथे विषाणू तपासणीची सोय स्वच्छ रोप कार्यक्रमातून होणारच आहे. तपासणी पुण्यात, जाळीघरातली मूळ झाडं महाबळेश्वरला, रनरची वाढ वाईत, अशी वाटणी कागदावर तरी अवघड दिसत नाही. रोप कमी पडलं तर आयात आहेच, ती बंद करा असं कुणी म्हणत नाही. तिलाही आयात परवाना, पाठवणाऱ्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला, इथे आल्यावर तपासणी या चाळण्या आहेत. पण विमानाला उशीर झाला, खोकं उन्हात राहिलं, डॉलर चढला, तरी सगळ्या पट्ट्याचा हंगाम हलतो, ही परिस्थिती ८५ टक्क्यांच्या अभिमानाला शोभत नाही. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी योजनेच्या यादीत स्ट्रॉबेरीचं नाव घालून घेणं, हे रस्त्याच्या उद्घाटनाइतकं फोटोचं काम नसेल, पण कामाचं आहे. उत्पादक संघाने मानांकन मिळवताना जी चिकाटी दाखवली, तीच इथे लागेल.

तोपर्यंत शेतकऱ्याने काय करायचं? रोपं घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर वाणाचं नाव आणि 'आयात मदर प्लांटपासून' असेल तर तसं लिहून घ्या. वही-पावती नसलेला व्यवहार ओळखीपाळखीतला असला तरी नको. प्रत्येक गाडीतली दहा-वीस रोपं वेगळ्या वाफ्यावर लावा, फलक लावा. वाण वेगळं निघालं किंवा झाडं बसू लागली तर तालुका कृषी कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या. वाण नोंदणीकृत असेल तर २००१ च्या कायद्यात भरपाई मागता येते, ते नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग उघडा आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय, की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. मात्र पुरावा आपल्याला जपावा लागतो. बरेच जण रागाच्या भरात आधी प्लॉट मोडतात, मग पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा रानात नुसतं मल्चिंग फडफडत असतं.